बिनमिठाचा वाडगा

४ फेब्रुवारी

प्रिय ताई,

फोन न करता पत्र लिहितेय म्हणून दचकू नका. फोनवर बोलायला लागले की तुमचे बंधुराज शेजारच्या खोलीतून कान टवकारतात, आणि मला नेमकं त्यांच्याविषयीच बोलायचंय. म्हणून जेवणाच्या सुट्टीत, चष्म्याच्या काचा घासायचं मशीन बंद करून, दुकानामागच्या बाकावर बसलेय. कागदावर काचेची पूड दिसली तर झटकून टाका.

डॉक्टरांनी यांचं मीठ बंद केलंय. कमी नाही, बंद. हृदय मोठं झालंय आणि अंगात पाणी साठतंय. संध्याकाळी नडगीवर बोट दाबलं तर खळगा तसाच राहतो. डॉक्टर म्हणाले, अर्धं काम औषधं करतील, उरलेलं तुमच्या स्वयंपाकघरानं करायचं. ते झालं नाही तर बंदरातल्या क्रेनवर चढून काम करणं विसरा. मग त्यांनी दवाखान्याचा रात्रीचा नंबर लिहून दिला. ताई, मला फार भीती वाटते.

आता यांची तऱ्हा ऐका. उकडलेली अंडी, बटाटे, भाजलेला पाव, बिनमिठाचं काहीही समोर ठेवलं की दोन घास खातात आणि ताट सरकवतात. म्हणतात, "रद्दी चावतोय असं वाटतं." सासूबाईंना जाऊन वर्ष होत आलं. तेव्हापासून जेवणावरचं लक्ष उडालंच होतं, त्यात हे. मागे तुम्ही आला होतात तेव्हा टोमॅटोचा ताजा साल्सा केला होतात आणि मीठ घालायला विसरले म्हणून हसला होतात. तो मात्र यांनी आवडीनं खाल्ला होता. तो कसा करायचा ते नीट लिहून कळवा.

तुमची भावजय

११ फेब्रुवारी

प्रिय वहिनी,

काच झटकली. गुंड्याला सांग, क्रेनवर बसून सगळ्या बंदराला वरून हुकूम सोडणाऱ्या माणसालाही जमिनीवर उतरलं की बायकोचं ऐकावं लागतं. लहानपणी त्याचे ताट सरकवण्याचे नखरे मी पुष्कळ पाहिलेत. तेव्हा आई मागे धावायची, आता तू धावतेस. धावू नकोस. भूक लागली की येतो बरोबर.

कृती लिहिते. पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत माझं आयुष्य गेलं, त्यामुळे मोघम लिहिता येत नाही, सोसून घे. टोमॅटो लाल पण हाताला घट्ट लागतील असे घे. डब्यातले अजिबात नकोत, त्यांत बहुतेक वेळा मीठ असतंच. एक टोमॅटो थेट आचेवर धर, साल काळी पडून फुटेपर्यंत. बाकीचे चिरून, बिया काढून, चाळणीत निथळत ठेव. कांदा बारीक चिरून गार पाण्यात बुडव म्हणजे उग्रपणा जाईल. हिरवी मिरची, लसणाची ठेचलेली पाकळी, आणि कोथिंबीर देठांसकट. खरी चव देठांत असते, पानं नुसती मिरवायला. मग लिंबू. रस पिळच, पण आधी त्याची हिरवी साल वरच्यावर किसून घाल. पांढरा भाग आला तर कडू होईल. आंबट, तिखट आणि भाजलेली चव एकत्र आली की मीठ नाही हे जिभेला उशिरा कळतं. तोवर वाडगा संपलेला असतो. काचेच्या वाडग्यात झाकून थोडा वेळ फ्रिजमध्ये मुरू दे.

मिठाऐवजी म्हणून दुकानात एक पांढरी पूड मिळते, ती डॉक्टरांना विचारल्याशिवाय आणू नकोस. गुंड्याच्या औषधांशी तिचं पटत नाही.

ताई

२६ फेब्रुवारी

प्रिय ताई,

साल्सा जमला. जमला म्हणजे काय, यांनी पहिल्याच दिवशी वाडगा चमच्यानं खरवडला आणि म्हणाले, "आईच्या हातचं लागतंय." मला जरा टोचलं, कारण हात माझे होते आणि मिरचीनं जळत होते. पण खातायत म्हणून मी खूश. तेव्हापासून रोज करतेय. पावावर, बटाट्यावर, भातावर, साल्साशिवाय यांचा घास उतरत नाही.

आणि तरीही वजन वाढतंय. पाय आता गुडघ्यापर्यंत सुजलेत. दोन उशा घेतल्याशिवाय आडवं होता येत नाही. डॉक्टरांनी मला सरळच विचारलं, "घरी नक्की मीठ बंद आहे ना?" मी छातीठोकपणे हो म्हणाले. घरी येऊन सहज यांच्या वाडग्यातला एक चमचा तोंडात घातला. खारट होता, ताई. चांगला खारट. एकाच भांड्यातून मी दोन वाडगे भरलेले, माझा आणि यांचा. माझ्यात मिठाचा कण नाही.

माझा ताबाच सुटला. चोरून मीठ खाता, मी इथे मर मर मरतेय, काय काय बोलले. हे मान खाली घालून ऐकत होते. चोरी केली असं म्हणाले नाहीत, नाही केली असंही म्हणाले नाहीत. तुम्ही मोठ्या आहात, तुम्हीच खडसावा. तुमची कृती मात्र इतकी बारकाईची आहे की मनात आलं, ही तुम्ही नेहमी करत असणार. कुणासाठी?

तुमची भावजय

५ मार्च

प्रिय वहिनी,

माझ्या कृतीचं कौतुक राहू दे, आधी चोर पकडू.

गुंड्याला मिठाची चटक आईनं लावली. तो पाच वर्षांचा असताना उलट्या-जुलाबांनी पार वाळून गेला होता. डोळे आत गेले होते, रडायलाही पाणी उरलं नव्हतं. शेजारच्या नर्सबाईंनी आईला मीठ-साखरेचं पाणी करायला शिकवलं आणि आईनं दिवसभर चमच्या-चमच्यानं ते पाजून त्याला परत आणलं. तेव्हापासून तिच्या डोक्यात पक्कं बसलं की पोरगा मिठावर तगलाय. सगळ्यांची ताटं वाढून झाली की त्याच्या ताटात वरून एक चिमूट टाकायची आणि तीन बोटांनी हलकेच दाबून बसवायची. कलिंगडावरसुद्धा. माझ्या ताटात कधी टाकली नाही. मला कधी काही झालंच नाही, हा माझाच दोष म्हणायचा.

तेव्हा त्याचे खिसे बघ, औषधांचा डबा बघ, उशीखाली बघ. घरातलं सगळं मीठ बाहेर काढ, तुझंसुद्धा. आणि दोन्ही वाडग्यांतलं पाणी गाळून औषधाच्या दोन रिकाम्या बाटल्यांत भर, चिठ्ठ्या चिकटव आणि पाठव. मी निवृत्त झाले तरी प्रयोगशाळेतल्या मुली मला अजून आत येऊ देतात.

ताई

१४ मार्च

प्रिय ताई,

बाटल्या कुरियरनं वेगळ्या पाठवल्यात. घरात आता मीठ नाही. डबा शेजारी देऊन टाकला, सॉसच्या बाटल्यासुद्धा टाकल्या. मीही बिनमिठाचं खातेय. कपाटं, खिसे, उशा सगळं उलटंपालटं केलं, काही सापडलं नाही. एवढ्यावर मी थांबले नाही. परवा कामावर जाताना हे माझ्याबरोबर दुकानात आले आणि संध्याकाळपर्यंत माझ्यासमोर बाकावर बसून होते. घराला कुलूप, किल्ली माझ्या पर्समध्ये. सकाळी केलेला साल्सा फ्रिजमध्ये झाकलेला होता. परत येऊन चाखला. यांचा खारट, माझा अळणी.

दुसऱ्या दिवशी मी वाडग्यांची अदलाबदल केली. निळ्या काठाचा यांचा, तो मी माझा ठरवला. मनात ठरवलं, तोंडानं कुणाला बोलले नाही. तरी यांच्याच वाट्याचा खारट निघाला.

आणखी एक सांगायचंय. तुमचं पत्र येईपर्यंत मी त्याचा विचारच केला नव्हता. झाकण काढलं की यांच्या साल्सावर तीन छोटे खळगे असतात. शेजारी शेजारी. मला वाटायचं, टोमॅटो आपोआप खाली बसला असेल. बाजूचे दोन खोल असतात, मधला उथळ.

तुमची भावजय

२२ मार्च

प्रिय वहिनी,

तुझं पत्र दोनदा वाचलं आणि मग घरातले सगळे दिवे लावून बसले. भर दुपार होती. पाचावर धारण बसणं म्हणजे काय ते या वयात कळलं.

आधी बाटल्यांचं सांगते. चांदीच्या क्षाराचं द्रावण थेंबभर टाकलं की पाण्यात मीठ असेल तर ते दुधासारखं होतं. टोमॅटोतही अंगचा थोडा क्षार असतो, म्हणून ताडून बघायला मी माझ्या घरच्या वाडग्यातलं पाणी नेलं होतं. माझं आणि तुझं, दोन्ही जेमतेम धुरकट झालं. गुंड्याचं पांढरंफेक. तिथली मुलगी म्हणाली, "मॅडम, हे समुद्राचं आहे का?" मी हो म्हटलं, दुसरं काय सांगणार?

आता ते खळगे. लग्न होऊन तू त्या घरात आलीस तोवर आई हात पदराखाली ठेवायला शिकली होती, तुझ्या कदाचित लक्षात आलं नसेल. पुठ्ठ्याच्या कारखान्यात असताना कापायच्या मशीनमध्ये तिच्या उजव्या हाताच्या मधल्या बोटाचं वरचं पेर गेलं होतं. तीन बोटं दाबली की मधलं वर राहायचं. गुंड्याच्या भातावर तो ठसा मी लहानपणभर पाहिलाय. इतका पाहिलाय की कधी कधी मला त्याचा रागच यायचा.

तरी माझी बुद्धी अजून मानत नाही. एक कर. रविवारी दिवसाउजेडी त्याचा वाडगा मांडीवर घेऊन बस. झाकण लावू नकोस. नजर हलवू नकोस. काय होतं ते मला जसंच्या तसं लिही.

ताई

३१ मार्च

प्रिय ताई,

बसले. स्वयंपाकघराच्या खिडकीशी, खुर्चीवर, वाडगा मांडीवर घेऊन. हे बाहेरच्या खोलीत पेपर वाचत होते, पानं उलटल्याचा आवाज येत होता. खाली कुणीतरी गाडी धूत होतं. बराच वेळ काही झालं नाही आणि मला माझंच हसू यायला लागलं.

मग ओट्याशी माणूस उभा राहिला की आपल्या अंगावरचा उजेड जसा थोडा कमी होतो तसा झाला. मी वर बघितलं नाही, तुम्ही बजावलं होतं. कांद्याच्या एका तुकड्यावर पांढरे कण दिसले. एवढेसेच. ते विरघळले. मग टोमॅटो दबला, तीन ठिकाणी, सावकाश. कुणी लेकराच्या पाठीवर थोपटावं इतक्या हळू. वाडगा माझ्या मांडीवर जड झाला, ताई. ते वजन मला कळलं.

मी तशीच उठून यांच्यासमोर वाडगा ठेवला. हे पेपर बाजूला ठेवून म्हणाले, "दिसलं का तुला?" यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मी हातापाया पडले, म्हटलं, नका खाऊ. तर म्हणाले, "आई गेली तेव्हा मी क्रेनवर होतो, वर निरोप पोचायलाच वेळ लागला. आता ती रोज येते. तिला नको कसं म्हणू?" आणि माझ्यासमोर चमचा उचलला. मी वाडगा हिसकावून मोरीत रिकामा केला. त्याच संध्याकाळी पाण्याचा पेला खारट लागला म्हणाले, आणि तो सगळा प्यायले.

डॉक्टरांनी काल छातीला नळी लावून ऐकलं. फुप्फुसात पाणी उतरायला लागलंय. वजन उतरलं नाही तर भरती करायचं. पण ताई, तिथेही त्यांना जेवण देणारच की. तिथे ती येणार नाही असं कुणी सांगावं?

मी काय काय बोलले ओट्याशी उभी राहून. हात जोडले, रागावले, सासूबाई, माझा संसार मोडू नका म्हटलं. काही उपयोग झाला नाही. मी सून. तुम्ही लेक आहात. तुमचं ऐकतील.

तुमची भावजय

४ एप्रिल

प्रिय वहिनी,

माझं ती जिवंतपणी कितपत ऐकायची ते जाऊ दे. सोबत तिच्यासाठी लिहिलेलं पान आहे. तू साल्सा कर, त्याचा वाडगा भर, आणि ओट्याशी उभी राहून हे मोठ्यानं वाच. शेवटच्या ओळीपर्यंत वाच. एकही शब्द गाळू नकोस.

ताई

(सोबतचं पान)

आई,

गुंड्या वाचला. तेव्हा तूच वाचवलास, हे मी कधी नाकारलं नाही. ते दुखणं संपून जन्म लोटला. आता त्याला मीठ चालत नाही. तुझ्या चिमटीनं त्याच्या पायांत पाणी भरलंय आणि आता छातीत भरतंय. तो तुला नको म्हणणार नाही. लहानपणीही म्हणाला नाही. तू हात आवरला नाहीस तर तो उठून तुझ्याकडे येईल, आणि त्यासाठी काही तू दिवसभर चमचा घेऊन बसली नव्हतीस.

कुणाच्या तरी वाडग्यात टाकल्याशिवाय तुला राहवणारच नसेल तर माझ्याकडे ये. माझं घर तुला माहीत आहे. तू कधी आली नाहीस, तेवढंच.

तुझी मोठी

२ मे

प्रिय ताई,

आधीच लिहायला हवं होतं, पण नजर लागेल अशी वेडी भीती वाटत होती. मीठ थांबलं.

पान वाचलं त्या दिवशी हे दारात उभे होते. मधेच म्हणाले, "पुरे, वाचू नकोस." मी वाचत राहिले. शेवटची ओळ संपली तेव्हा मागच्या दाराचा पडदा हलला. वारा असेल, नसेल. वाडगा समोर होता. वर काही उमटलं नाही. यांनी चमचा तोंडात घातला आणि लहान पोरासारखे रडले. अळणी होता. पुढचे काही दिवस माझ्याशी बोलत नव्हते. एकदा म्हणाले, "तू आणि ताईनं मिळून तिला घालवलंत." मी टोमॅटो चिरत चिरत ऐकून घेतलं.

पण पाय उतरले, ताई. घोटे दिसायला लागले. एका उशीवर झोपतात. डॉक्टर छाती ऐकून हसले आणि म्हणाले, स्वयंपाकघरानं काम केलं. पुढच्या महिन्यात क्रेनवर चढायला लागणाऱ्या डॉक्टरी तपासणीला पाठवतील. साल्सा अजून रोज होतो. परवा स्वतःच म्हणाले, लिंबाची साल जरा जास्त किस. त्यांचं मन वळायला लागलंय.

तुमचे उपकार कसे फेडू कळत नाही. फक्त एक गोष्ट मनात घोळतेय. वाचायच्या घाईत मी त्या शेवटच्या ओळींचा विचार केला नाही. ताई, बाटल्या तपासताना तुम्ही ताडून बघायला तुमच्या घरचा वाडगा नेला होतात. तुम्ही एकट्या राहता. बिनमिठाचा साल्सा तुम्ही कुणासाठी करत होतात? उत्तर लगेच लिहा. माझा जीव टांगणीला लागलाय.

तुमची भावजय

९ मे

प्रिय वहिनी,

गुंड्याचे घोटे दिसले हे वाचून मी खुर्चीत मागे टेकले. आता तपासणीच्या दिवशी त्याला इस्त्रीचा शर्ट घाल. तो गबाळा गेला तर डॉक्टर उगाच आणखी चार तपासण्या लावतील.

तू विचारलंस म्हणून सांगते. साल्सा मी माझ्यासाठी करत होते, दोन वर्षं झाली. त्याचं हृदय ज्या वाटेनं चाललंय त्या वाटेनं माझं आधीच बरंच पुढे गेलंय. तुमच्याकडे आले होते तेव्हा मीठ विसरले नव्हते. सांगितलं नाही, कारण त्या घरात आजारी पडायचा मान त्याचा, मला कधी ते जमलं नाही. तू ते पान वाचलंस यात तुझी काही चूक नाही. मी तुला कळू दिलं असतं तर तू वाचलं नसतंस.

ती आली. तुमच्याकडे थांबलं त्याच आठवड्यात. दुपारी फ्रिजमधून वाडगा काढला, झाकण उचललं, चमचा तोंडात घातला आणि हातातला चमचा खाली ठेवता येईना. मी साठीची बाई. पाण्यातलं मीठ मोजण्यात माझा जन्म गेला, आणि मला ते मोजावंसं वाटलं नाही. तेव्हापासून रोज येते. दार वाजत नाही, काही दिसत नाही. नुसती स्वयंपाकघरात कुणीतरी असल्याची ऊब असते, आणि मला भीती वाटत नाही, याचीच कधी कधी भीती वाटते.

पायांचं विचारू नकोस. चपला मोठ्या मापाच्या घेतल्यात. डॉक्टर चिडलेत, तूही चिडशील. येऊ नकोस, गुंड्याला काही सांगू नकोस, निदान त्याची तपासणी होईपर्यंत.

पुरे म्हणायला एक ओळ लागते आणि ती ऐकते, हे आता आपल्या दोघींनाही माहीत आहे. रोज सकाळी मी कागद घेऊन बसते. "आई" एवढं लिहून होतं. मग जेवायची वेळ होते.

ताई